हत्याराच्या नावावर उसनी पत

घराला रंग देणारा, लाकडी जमीन घासून पॉलिश करणारा, फर्निचर बनवणारा किंवा मोटार दुरुस्त करणारा लहान व्यावसायिक जेव्हा आपल्या जाहिरातीत, गाडीच्या पाठीवर किंवा दरपत्रकात 'आमच्याकडे अमुक कंपनीचीच हत्यारे वापरली जातात' असे आवर्जून लिहितो, तेव्हा तो दुसऱ्याने अनेक दशके खपून कमावलेली पत आपल्या कामासाठी उसनी घेत असतो. ब्रिटन, अमेरिका आणि ऑस्ट्रेलियातील रंगारी व सुतार यांच्या जाहिरातींत फेस्टूल या जर्मन कंपनीचे नाव अशा प्रकारे येते, अमेरिकेतील मेकॅनिक स्नॅप-ऑनच्या लाल पेट्या ग्राहकाच्या नजरेस पडतील अशा ठेवतो आणि भारतातील बांधकामांवर काँक्रीटमध्ये सळई बसवून देणारा ठेकेदार हिल्टीचे नाव घेतो. या नामोल्लेखात सहसा खोटे काही नसते, कारण हत्यार खरोखरच त्या कंपनीचे असते. तरीही ग्राहक त्यातून जो अर्थ काढतो तो उल्लेखाच्या शब्दार्थापेक्षा बराच मोठा असतो आणि या व्यवहाराचे सगळे मर्म त्या वाढीव अर्थात आहे.

या व्यवहाराचे मूळ ग्राहकाच्या अज्ञानात आहे आणि अर्थशास्त्राने त्या अज्ञानाचा पद्धतशीर विचार केलेला आहे. जॉर्ज अकरलॉफ यांनी 1970 साली जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन असे दाखवले की, विकणाऱ्याला मालाची खरी स्थिती माहीत असते आणि घेणाऱ्याला ती माहीत नसते, तेव्हा घेणारा चांगल्या मालालाही सरासरी मालाचीच किंमत देऊ करतो आणि परिणामी चांगला माल बाजारातून मागे सरतो. मायकेल स्पेन्स यांनी 1973 साली या कोंडीतून निघण्याची एक वाट मांडली. ती म्हणजे 'संकेत', अर्थात चांगल्याला परवडेल पण वाइटाला महाग पडेल अशी एखादी खर्चीक खूण. या दोघांना जोसेफ स्टिग्लिट्झ यांच्यासह 2001 चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. स्पेन्स यांच्याच लेखाच्या वर्षी मायकेल डार्बी आणि एडी कार्नी यांनी आणखी एक वर्ग दाखवून दिला: ज्या सेवांचा दर्जा त्या घेतल्यानंतरही ग्राहकाला नीट पारखता येत नाही, अशा विश्वासावर चालणाऱ्या सेवांचा. भिंतीवरची पुट्टी किती हात घासली, तिच्याखाली प्रायमर दिला की नाही, इंजिनचे बोल्ट योग्य ताणाने आवळले की अंदाजाने, हे घरमालकाला किंवा गाडीमालकाला काम संपल्यावरही कळत नाही. दोष उघडा पडतो तो वर्षा-दोन वर्षांनी, आणि तेव्हाही तो कारागिराचा की मालाचा की पावसाळ्याचा हा वाद उरतोच.

अशा ठिकाणी हत्याराचे नाव संकेताचे काम करते. साध्या सँडरच्या, म्हणजे पृष्ठभाग घासणाऱ्या विजेच्या यंत्राच्या, कितीतरी पट किंमत मोजून घेतलेले यंत्र ज्याच्याकडे आहे, त्याने या धंद्यात टिकून राहायचे ठरवलेले असावे, आजचे काम उरकून उद्या गाव बदलणारा तो नसावा, असे ग्राहक मनाशी म्हणतो. आणि हा तर्क अगदीच निराधार नाही. मात्र त्यात एक फट आहे. ही खूण हत्यारावर झालेला खर्च सिद्ध करते, हत्यार धरणाऱ्या हाताबद्दल ती मौन असते, आणि ज्या कामात हाताचा वाटा मोठा त्या कामात ती तितकी कमी उपयोगी पडते. शिवाय यंत्र भाड्याने मिळू शकते किंवा एकच यंत्र घेऊन दहा कामगारांच्या जाहिरातीत त्याचे छायाचित्र वापरता येते, म्हणजे जी खूण महाग असायला हवी तीच स्वस्त होत जाते.

फेस्टूलचे उदाहरण थोडे बारकाईने पाहण्याजोगे आहे, कारण तेथे उसनवारीमागे एक खरी तांत्रिक गोष्ट उभी आहे. आल्बर्ट फेझर आणि गॉटलिब श्टोल यांनी 1925 साली जर्मनीत सुरू केलेल्या कंपनीचा हत्यारांचा विभाग 2000 साली वेगळा होऊन फेस्टूल हे नाव घेता झाला. तिच्या सुतारी व रंगकामाच्या यंत्रांचा लौकिक केवळ कापण्या-घासण्याच्या सफाईवर उभा नाही; घासताना उडणारी धूळ जागच्या जागी ओढून घेण्याच्या व्यवस्थेवर तो बराचसा उभा आहे. घासणाऱ्या चकतीला आणि तिच्यावरील पॉलिश पेपरला भोके असतात, त्यांतून हवा खेचली जाते, ती नळीवाटे धूळ ओढणाऱ्या यंत्रात जाते आणि तेथील पिशवी व गाळणी धूळ अडवतात. धूळ ओढणाऱ्या या यंत्रांचे युरोपीय मानकांनुसार एल, एम आणि एच असे तीन वर्ग आहेत: एल वर्गाच्या यंत्रातून जास्तीत जास्त 1 टक्का, एम वर्गातून 0.1 टक्का आणि एच वर्गातून 0.005 टक्का धूळ निसटू शकते, आणि लाकडाच्या धुळीसाठी किमान एम, तर ॲस्बेस्टॉससारख्या घातक धुळीसाठी एच वर्ग लागतो.

हा तपशील किरकोळ नाही. लाकडाच्या धुळीला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात ठेवले आहे. अमेरिकेत घरगुती वापराच्या रंगात शिसे घालण्यावर 1978 साली बंदी आली, पण त्याआधीची घरे अजून उभी असल्यामुळे त्यांच्या भिंती घासताना शिशाची धूळ उडते आणि तिचा सर्वात जास्त धोका लहान मुलांना असतो. त्यामुळे 'धूळ उडू न देता काम करतो' हे एखाद्या रंगाऱ्याचे आश्वासन घरात तान्हे मूल असलेल्या कुटुंबाला मोलाचे वाटते आणि त्या आश्वासनाला फेस्टूलच्या नावाचा आधार मिळाला की ते अधिक खरे भासते. प्रत्यक्षात पिशवी भरली असेल, गाळणी बदललेली नसेल, पेपरची भोके चकतीच्या भोकांवर नीट बसवलेली नसतील किंवा कामगाराने नळी अडचण होते म्हणून काढून ठेवली असेल, तर त्याच नामांकित यंत्रातून खोलीभर धूळ होते. 'धूळमुक्त' हा शब्द तर जाहिरातीतला आहे. मानकांची भाषा टक्क्यांत बोलते आणि कुठलाही वर्ग शून्याचा दावा करत नाही.

अमेरिकेच्या कामगार सुरक्षा प्रशासनाने हाच प्रश्न कोणत्याही नावाचा आधार न घेता सोडवला आहे, हे येथे लक्षात घेण्यासारखे आहे. काँक्रीट, विटा आणि दगड कापताना उडणाऱ्या सिलिकाच्या धुळीने फुप्फुसे कायमची निकामी होतात, म्हणून बांधकामांसाठी 2017 पासून अमलात आलेल्या तेथील नियमाने श्वासातील सिलिकाची मर्यादा आठ तासांच्या सरासरीने घनमीटरमागे 50 मायक्रोग्रॅम इतकी ठरवली आणि सोबत एक तक्ता दिला. कोणत्या कामाला कोणते यंत्र, त्यावर कसले आवरण, धूळ ओढणाऱ्या यंत्राचा हवेचा वेग यंत्र बनवणाऱ्याने सुचवला असेल तेवढा आणि गाळणीची क्षमता किमान 99 टक्के, अशा स्वरूपाच्या अटी त्या तक्त्यात आहेत, पण एकाही कंपनीचे नाव नाही. ठेकेदाराने या तक्त्याचा हवाला दिला तर तो पडताळून पाहता येतो. कंपनीचे नाव दिले तर त्यावर फक्त विश्वास ठेवता येतो किंवा न ठेवता येतो.

हत्याराच्या नावाला एवढी किंमत कशी आली, याचे उत्तर शोधताना एक विसंगती समोर येते: ही पत मुळात ग्राहकांसाठी निर्माणच झालेली नव्हती, ती कारागिरांनी कारागिरांमध्ये ठरवलेली होती. ब्लॅक अँड डेकर या अमेरिकन कंपनीचा अनुभव याचा उत्तम पुरावा आहे. पिस्तुलासारखी मूठ आणि बोटाने दाबायचा घोडा असलेल्या विजेच्या ड्रिलचे पेटंट 1917 साली याच कंपनीला मिळाले होते, म्हणजे हातात धरून चालवण्याच्या हत्यारांच्या धंद्यात तिच्याइतके जुने नाव विरळाच. पण 1984 साली तिने जनरल इलेक्ट्रिकचा घरगुती उपकरणांचा धंदा विकत घेतला, तिचे नाव इस्त्र्यांवर आणि टोस्टरवर झळकू लागले, आणि पोटासाठी हत्यार चालवणाऱ्या सुतार-प्लंबरना त्या नावाचे ड्रिल कामावर घेऊन जायला संकोच वाटू लागला. 1990 च्या सुमारास या कारागिरांच्या बाजारात मकिता या जपानी कंपनीचा दबदबा होता आणि ब्लॅक अँड डेकर फार मागे पडली होती. हत्यारे दर्जाला उणी होती म्हणून हे घडले नव्हते. बघणाऱ्या सोबत्यांपुढे ती कशी दिसतात, यावर सगळे ठरत होते.

कंपनीने 1992 साली काढलेला उपाय मोठा मासलेवाईक होता. तिने आपले नाव त्या हत्यारांवरून काढून टाकले आणि डीवॉल्ट हे दुसरेच नाव पुढे आणले. डीवॉल्ट ही लाकूड कापण्याच्या मोठ्या करवतींसाठी गेल्या शतकाच्या पूर्वार्धापासून प्रसिद्ध असलेली कंपनी ब्लॅक अँड डेकरने 1960 सालीच विकत घेतलेली होती आणि तिचे नाव जुन्या कारागिरांच्या मनात आदराने शिल्लक होते. रंगही बदलून पिवळा केला गेला, जो बांधकामावर सावधगिरीच्या खुणेचा रंग म्हणून सगळ्यांच्या ओळखीचा होता. थोडक्यात, हत्यारे बनवणाऱ्या एका बलाढ्य कंपनीने स्वतःच्याच कपाटात पडलेले जुने नाव उसने घेतले आणि गमावलेला बाजार परत मिळवला. आज जो ठेकेदार आपल्या गाडीवर डीवॉल्टच्या पिवळ्या रंगाची झाक देतो, तो अशा प्रकारे उसन्यावर उसने घेत असतो. मात्र याचा दोष त्याला देण्यात अर्थ नाही.

नाव उसने देणाऱ्या कंपन्यांची भूमिकाही दुटप्पी असते. एकीकडे प्रत्येक कारागिराची जाहिरात ही त्यांची फुकटची जाहिरात असते. दुसरीकडे त्या कारागिराने काम बिघडवले तर डाग त्यांच्या नावाला लागतो. यातून मार्ग काढण्यासाठी काही कंपन्यांनी उसनवारीलाच नियम लावून तिचा रीतसर करार बनवला. बॉशने 1921 साली हॅम्बुर्ग येथे पहिले अधिकृत सेवाकेंद्र सुरू केले, जेथे गॅरेज स्वतंत्र मालकाचे पण नाव, प्रशिक्षण आणि तपासणीची उपकरणे बॉशची, अशी रचना होती आणि तीच पुढे जगभर पसरली. भारतात 1951 साली बंगळूरला स्थापन झालेली मायको ही बॉशचीच कंपनी. नाशिकला तिचा कारखाना उभा राहिला, तेथील एका चौकाला तिचे नाव पडले आणि डिझेल पंप दुरुस्त करणाऱ्या गॅरेजांच्या पाट्यांवर मायको हा शब्द इतका रुळला की 2008 साली कंपनीने आपले अधिकृत नाव बॉश लिमिटेड केल्यानंतरही जुन्या मंडळींच्या तोंडी तोच राहिला. संगणकाच्या क्षेत्रात इंटेलने 1991 पासून याच्या उलट दिशेने पैसा लावला: यंत्राच्या पोटात दडलेल्या चिपचे नाव बाहेरच्या पेटीवर लावणाऱ्या उत्पादकांच्या जाहिरातींचा काही खर्च तिने स्वतः उचलला.

करार नसताना घेतलेल्या नावाबाबत कायदा काय म्हणतो, हे समजण्यासाठी न्यायालयांनी ओढलेल्या दोन-तीन रेषा पाहाव्या लागतात. अमेरिकेत 1969 साली फोक्सवॅगन कंपनीने कॅलिफोर्नियातील एका गॅरेजमालकावर भरलेल्या खटल्यात अपील न्यायालयाने असे मानले की, आपण कोणत्या गाड्या दुरुस्त करतो हे सांगण्याचा हक्क त्याला आहे, कारण त्याने कंपनीची विशिष्ट अक्षरे किंवा रंगसंगती उचललेली नाही आणि आपण स्वतंत्र असल्याचेही ठळकपणे लिहिले आहे. युरोपीय न्यायालयाने 1999 साली एका डच गॅरेजविरुद्ध बीएमडब्ल्यूने आणलेल्या प्रकरणात याहून पुढचे पाऊल टाकले. तो मालक बीएमडब्ल्यूच्या जुन्या गाड्या विकत असे आणि दुरुस्तही करत असे, आणि स्वतःला त्या गाड्यांचा तज्ज्ञ म्हणवत असे. न्यायालयाने सांगितले की, कंपनीशी अधिकृत संबंध असल्याचा समज होत नसेल, तर त्या नावामुळे मालकाच्या धंद्याला दर्जाचे वलय मिळते एवढ्यावरून कंपनीला हरकत घेता येणार नाही. उसन्या पतीला इतक्या उघडपणे दिलेली मान्यता दुर्मीळच म्हणावी लागेल.

भारताच्या 1999 च्या व्यापारचिन्ह कायद्यातही ही सीमा आहे. एखाद्या लौकिकप्राप्त चिन्हाचा अनुचित फायदा घेणे कलम 29 नुसार उल्लंघन ठरते, तर कलम 30 प्रामाणिक व्यापारी रीतीने केलेला उल्लेख आणि एखादा सुटा भाग कोणत्या वस्तूला बसतो हे सांगण्यासाठी 'वाजवीपणे आवश्यक' असलेला उल्लेख वैध मानते. या 'वाजवीपणे आवश्यक' शब्दांचा कस महाराष्ट्रातील स्वयंपाकघरांना अगदी परिचित असलेल्या एका वस्तूवर लागला. हॉकिन्स या मुंबईच्या कंपनीने प्रेशर कुकरच्या रबरी रिंगा विकणाऱ्या एका उत्पादकाविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात दावा केला होता, कारण त्याच्या वेष्टनावर 'हॉकिन्स कुकरसाठी योग्य' असा मजकूर होता आणि त्यात हॉकिन्स हा शब्द तेवढा वेगळ्या रंगात उठून दिसत होता. खंडपीठाने 2012 साली हॉकिन्सच्या बाजूने निकाल देताना असा विचार केला की, ती रिंग त्या मापाच्या कुठल्याही कुकरला बसते, तेव्हा एकाच कंपनीचे नाव सांगण्याची गरज नव्हती आणि ते ठळक करण्याची तर मुळीच नव्हती. वेष्टनावर फक्त माप लिहिले असते तरी ग्राहकाचे काम भागले असते. मुंबईत 1985 साली स्थापन झालेल्या जाहिरात मानक परिषदेची आचारसंहिताही दुसऱ्याच्या चिन्हाला लाभलेल्या लौकिकाचा अनुचित फायदा घेण्यास मनाई करते.

कायद्याची मर्यादा येथे उघड होते. नावामुळे ग्राहकाचा संबंधाबद्दल गैरसमज होतो का आणि मूळ मालकाच्या लौकिकाला धक्का बसतो का, हे दोन प्रश्न तो विचारतो. हत्यार खरे असून काम कच्चे असण्याची शक्यता या प्रश्नांच्या कक्षेत येत नाही. रंगाऱ्याकडे खरोखर फेस्टूलचा सँडर असेल आणि त्याने स्वतःला कंपनीचा माणूस म्हणवले नसेल, तर त्याच्या जाहिरातीत आक्षेपार्ह असे काहीच उरत नाही, मग त्याच्या कामगाराने नळी लावलेली असो वा नसो. उलट महाराष्ट्रात 'जेसीबी भाड्याने मिळेल' अशी पाटी लावणाऱ्याकडचे खोदकामाचे यंत्र दुसऱ्याच कंपनीचे असले तरी कोणाची फसवणूक होत नाही, कारण तेथे ते नाव दर्जाची हमी म्हणून वापरलेलेच नसते.

बांधकामातील सळई बसवण्याच्या कामात नाव आणि हात यांच्यातील ही फट जितकी स्पष्ट दिसते तितकी इतरत्र क्वचित दिसते. जुन्या स्लॅबला किंवा खांबाला नवे बांधकाम जोडायचे असेल, तर काँक्रीटमध्ये भोक पाडून त्यात रसायन भरतात आणि त्यात नवी सळई रोवतात. इंजिनियर आणि ठेकेदार याला रिबारिंग म्हणतात. लिख्टेनश्टाइनमधील शान येथे 1941 साली दोन भावांनी स्थापन केलेली हिल्टी या क्षेत्रातली मोठी कंपनी आहे आणि तिचे नाव दरपत्रकात असले की सोसायटीच्या कार्यकारिणीला दिलासा वाटतो. पण सळई किती भार पेलेल हे रसायनाइतकेच भोकावर अवलंबून असते. भोक पाडल्यावर त्याच्या भिंतींना काँक्रीटचे पीठ चिकटलेले राहते. ते हवेच्या झोताने आणि तारेच्या ब्रशने साफ केले नाही, तर रसायन काँक्रीटला न धरता त्या पिठाला धरते आणि जोड कमजोर होतो. भोक पाडतानाच धूळ ओढून घेणारी पोकळ ड्रिलबिट कंपन्यांनी काढली ती याच कारणासाठी, म्हणजे कामगाराने कंटाळून गाळलेली पायरी यंत्राने आपोआप पार पाडावी यासाठी. रसायन घट्ट व्हायला लागणारा वेळही तापमानानुसार बदलतो आणि त्याआधी सळईला धक्का लागता कामा नये. या पायऱ्यांपैकी कुठलीही रसायनाच्या नळकांड्यावरील नावातून दिसत नाही, आणि म्हणूनच जाणता साइट इंजिनियर नाव वाचून सही करत नाही. तो बसवलेल्या सळयांपैकी काही स्वतः निवडतो, त्यांवर हायड्रॉलिक जॅक लावून ठरलेल्या भारापर्यंत त्या ओढायला लावतो, आणि सळई किंचितही सरकली तर त्या ओळीतली पुढची सळई तपासायला घेतो.